‘झायगोडॅक्टिल’ पाय म्हणजे काय आणि तो कसा ओळखावा : नव्या पक्षीनिरीक्षकांसाठी मार्गदर्शन

पक्ष्यांविषयी वाचू लागलेल्या माणसाला पोपट, सुतार पक्षी, तांबट किंवा कोकीळ यांच्या वर्णनात ‘झायगोडॅक्टिल पाय’ असे शब्द लवकरच भेटतात. बहुतेक जण त्याचा अर्थ ‘झाडावर चढण्यासाठी बनलेला पाय’ असा धरून पुढे जातात आणि गोंधळाची सुरुवात तिथेच होते. हा शब्द पायाचे काम सांगत नाही आणि पक्ष्याचे कूळही सांगत नाही. पायाची कोणती बोटे पुढे व कोणती मागे वळलेली आहेत, एवढेच तो सांगतो. शब्दाची ही मर्यादा नीट समजली की पक्ष्याच्या पायाकडे पाहण्याची एक सवय लागते. पिसांचे रंग ऋतूनुसार, वयानुसार आणि उजेडानुसार फसवतात, बोटांची मांडणी मात्र सहसा फसवत नाही, त्यामुळे ही सवय पुढे फार उपयोगी पडते. या लेखात शब्दाची फोड, बोटांचे क्रमांक, जिवंत पक्ष्यावरची ओळख, जवळच्या रचनांपासूनचा फरक आणि शेवटी वहीतील नोंद असा क्रम ठेवला आहे. हा क्रम शक्यतो मोडू नये, कारण बोटांचे क्रमांक पक्के झाल्याशिवाय पुढचे काही नीट कळत नाही.

शब्दाची फोड

‘झायगोडॅक्टिल’ हा शब्द दोन ग्रीक शब्दांचा बनलेला आहे. पहिला ‘झुगोन’, म्हणजे बैलांच्या मानेवर ठेवतात ते जू, आणि दुसरा ‘डाक्टिलोस’, म्हणजे बोट. दोन बैल जसे एका जुवाखाली जोडीने उभे राहतात, तशी ज्या पायात दोन बोटांची एक जोडी पुढे आणि दोन बोटांची दुसरी जोडी मागे असते, तो पाय झायगोडॅक्टिल होय.

मराठी वाचकाला यातला पहिला शब्द वाटतो तितका परका नाही. ग्रीक ‘झुगोन’ आणि संस्कृत ‘युग’ हे एकाच प्राचीन मुळापासून आलेले सगोत्र शब्द आहेत. लॅटिनमधील ‘युगुम’ आणि इंग्रजीतील ‘योक’ हेही त्याच घराण्यातले. ‘युग’ म्हटले की आपल्याला आज कलियुग आठवते, पण जू हा त्या शब्दाचा जुना अर्थ आहे आणि आपले ‘जू’ त्यातूनच आले आहे. ‘युग्म’, ‘योग’ आणि ‘संयोग’ हे शब्दही त्याच धातूचे आहेत. म्हणून मराठीत या पायाला ‘युग्मांगुली’ म्हटले तर ते केवळ भाषांतर राहत नाही, मूळ शब्दाच्या नात्यातलेच नाव ठरते. पुस्तकांत आणि पक्षीनिरीक्षकांच्या बोलण्यात मात्र झायगोडॅक्टिल हाच शब्द चालतो, म्हणून पुढे तोच वापरला आहे.

दुसरा भाग, ‘डॅक्टिल’, प्राणिशास्त्रात वारंवार येतो, त्यामुळे तो एकदा ओळखीचा करून घेतला की अनेक कुलपे उघडतात. टेरोडॅक्टिल म्हणजे पंखबोट्या. त्या उडणाऱ्या प्राचीन सरीसृपाच्या पंखाचा पडदा एका लांबच लांब बोटावर ताणलेला होता. खुरांच्या प्राण्यांचे दोन मोठे गट इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी 1848 मध्ये याच शब्दाच्या आधारे वेगळे केले. घोडा, गेंडा आणि टॅपिर हे विषमखुरी पेरिसोडॅक्टिल, तर गाय, हरीण आणि डुक्कर हे समखुरी आर्टिओडॅक्टिल. ग्रीक ‘डाक्टिलोस’ हाताच्या आणि पायाच्या अशा दोन्ही बोटांना चालतो. मराठीतील ‘बोट’ही तसेच चालते, त्यामुळे इंग्रजीतून शिकणाऱ्याला इथे जी अडचण येते ती आपल्याला येत नाही.

बोटांना क्रमांक देणे

पुढचे सगळे या पायरीवर अवलंबून आहे. ती शिकण्यासाठी जंगलात जाण्याची गरज नाही. चिकनच्या दुकानात कोंबडीचे पंजे मिळतात. त्यातला एक स्वच्छ धुऊन टेबलावर तळवा खाली करून ठेवावा. ज्यांना हे नको असेल त्यांनी अंगणातल्या कोंबडीचे निरीक्षण करावे, मात्र बोटांची पेरे त्यामुळे मोजता येणार नाहीत.

कोंबडीच्या पायाला तीन बोटे पुढे आणि एक मागे असते. मागचे आखूड बोट म्हणजे पायाचा अंगठा आणि तो क्रमांक एक. पुढच्या तीनपैकी दुसऱ्या पायाच्या बाजूचे, म्हणजे आतले बोट क्रमांक दोन, मधले तीन आणि बाहेरचे चार. दुकानातून आणलेला पंजा डावा की उजवा हे आधी ठरवावे लागते, नाहीतर आतली बाजू कोणती ते कळत नाही. खात्री करायची असेल तर बोटांची पेरे मोजावीत. नखाचे टोकाचे पेर धरून पहिल्या बोटाला दोन, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला चार आणि चौथ्याला पाच पेरे असतात. अंगठ्याने दाबत गेले की सांधे लागतात आणि मोजणी सहज होते. बाहेरचे बोट मधल्यापेक्षा आखूड दिसत असूनही त्यात पेरे अधिक भरतात, हे पहिल्यांदा मोजणाऱ्याला थोडे चमत्कारिक वाटते.

पेरांची ही संख्या थोडे अपवाद वगळता पक्ष्यांमध्ये कायम राहते, म्हणून बोट कुठेही वळलेले असले तरी पेरे मोजून त्याचा क्रमांक सांगता येतो. पोपटाच्या पायात मागे दोन बोटे दिसतात. त्यातल्या एकात दोन पेरे असतात आणि दुसऱ्यात पाच. याचा अर्थ अंगठा आपल्या नेहमीच्या जागी आहे आणि बाहेरचे चौथे बोट मागे वळले आहे. झायगोडॅक्टिलची नेमकी व्याख्या हीच आहे : दुसरे आणि तिसरे बोट पुढे, पहिले आणि चौथे मागे. ‘दोन पुढे, दोन मागे’ एवढेच पाठ करणाऱ्याची फजिती ट्रोगॉन या जंगलपक्ष्याच्या पायाशी होते, ती कशी ते पुढे येईल.

कोंबडीबाबत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. कोंबड्याच्या नडगीवर मागच्या बाजूला जो टोकदार काटा असतो तो बोट नव्हे, त्याला क्रमांक देऊ नये. सिल्की आणि डॉर्किंग यांसारख्या काही पाळीव जातींना पाच बोटे असतात, तेव्हा पहिल्या अभ्यासासाठी असा पंजा घेऊ नये. आणखी एक गैरसमज आताच दूर झालेला बरा. पक्ष्याच्या पायात मध्येच मागे दुमडणारा जो सांधा दिसतो तो गुडघा नसून घोटा आहे. खरा गुडघा वर पिसांत झाकलेला असतो.

जिवंत पक्ष्यावर ओळख

सुरुवात पोपटापासून करावी असे माझे स्पष्ट मत आहे. सुतार पक्ष्याचे नाव सगळे आधी घेतात, पण तो खोडाला चिकटलेला, हलता आणि बऱ्याचदा फांदीआड असतो, शिवाय त्याच्या पायात एक गुंता आहे. पोपट शहरात भरपूर आहेत, विलायती चिंचेच्या झाडावर किंवा ज्वारीच्या कणसावर ते बराच वेळ रमतात आणि मुख्य म्हणजे खाणे पायात धरून तोंडाशी नेतात. विलायती चिंचेचे वेटोळे पोपटाने एका पायात उचलले की चारही बोटे दुर्बिणीत उघडी पडतात : शेंगेच्या एका बाजूला दोन बोटे, दुसऱ्या बाजूला दोन आणि मध्ये शेंग चिमट्यात धरल्यासारखी. हे एकदा पाहिले की व्याख्या पाठ करावी लागत नाही. यासाठी फार महागडी दुर्बीण नको, 8×42 ची साधी दुर्बीण पुरते.

मात्र त्यासाठी पिंजऱ्यातला पोपट आणू नये. आपले देशी पोपट पकडणे, विकणे आणि पाळणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. कोणाच्या घरी ‘लव्हबर्ड’ म्हणून विकत घेतलेले छोटे रंगीत पोपट असतील तर त्यांचे पाय जरूर पाहावेत. आपल्याकडे या नावाने विकले जाणारे बरेचसे पक्षी खरे तर ऑस्ट्रेलियातील बजरीगार असतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. पाय मात्र दोघांचेही झायगोडॅक्टिलच आहेत.

पोपटानंतर तांबट घ्यावा. वड, पिंपळ, उंबर फळले की तांबट तिथे हमखास येतो. पुण्यात विद्यापीठाच्या आवारातील जुने वड यासाठी चांगले. पण पानांच्या दाटीत एवढ्याशा पक्ष्याचे पाय दिसणे अवघड असते. त्यापेक्षा उन्हाळ्याच्या तोंडी तो वाळक्या फांदीला भोक पाडून घरटे करीत असताना पाहावा. ‘टुक टुक’ हा एकसुरी आवाज ऐकत गेले की जागा सापडते. ढोलीच्या तोंडाशी लटकलेल्या तांबटाचे लालसर पाय उघड्यावर असतात आणि पुढची दोन बोटे फांदीच्या सालीत रुतलेली स्पष्ट दिसतात. घरट्यापासून दूर उभे राहावे आणि पक्षी चोचीत खाऊ घेऊन नुसताच ताटकळताना दिसला तर लगेच मागे हटावे.

बसलेल्या पक्ष्याचे बोट मोजताना एक साधी युक्ती चालते. पक्षी आडव्या, बारीक फांदीवर किंवा तारेवर बसलेला असताना त्याला समोरून पाहावे आणि फांदीवरून पुढे आलेली बोटे मोजावीत. साळुंकी, बुलबुल किंवा कावळा असेल तर प्रत्येक पायाची तीन दिसतात, पोपट किंवा कोकीळ असेल तर दोन. ही युक्ती पहिल्या अंदाजापुरती आहे, निकालासाठी नाही, कारण दोन बोटे दिसण्याची आणखीही कारणे असू शकतात. शक्य असेल तेव्हा खालून किंवा मागून छायाचित्र घ्यावे, एकाच बैठकीची अनेक चित्रे घ्यावीत आणि घरी येऊन मोठी करून पाहावीत. सकाळची तिरपी उन्हे पायापर्यंत पोचतात, दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात पाय पोटाच्या सावलीत जातात.

तिसरा पक्षी भारद्वाज, आणि त्याच्यासाठी झाडाकडे न पाहता जमिनीकडे पाहायचे. कोकिळांच्या कुळातला हा पक्षी कुंपणाच्या कडेने, शेताच्या बांधावरून, बागेतल्या पाचोळ्यातून चालत किडे, गोगलगायी, सरडे टिपतो. रस्त्याच्या मऊ धुळीत किंवा ओल्या चिखलात त्याचे ठसे मिळाले तर ते शेजारच्या कावळ्याच्या किंवा कोंबडीच्या ठशांशी ताडून पाहावेत. कावळ्याच्या ठशात तीन बोटे पुढे आणि एक मागे असते. भारद्वाजाच्या ठशात दोन पुढे आणि दोन मागे असतात, त्यामुळे ठसा फुलीसारखा उमटतो. त्यातच मागच्या अंगठ्याचे लांब, सरळ नख वेगळी रेघ ओढून जाते. या नखामुळेच भारद्वाजाच्या प्रजातीला ‘सेंट्रोपस’, म्हणजे काटेरी पायाचा, असे नाव मिळाले आहे.

फुलीसारख्या ठशाची अडचण अशी की पक्षी कोणत्या दिशेने गेला हे एका ठशावरून पटकन कळत नाही, लागोपाठचे चार-पाच ठसे आणि त्यांतले अंतर पाहावे लागते. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील प्वेब्लो लोकांनी तिथल्या रोडरनर या जमिनीवर धावणाऱ्या कोकीळकुळातील पक्ष्याच्या अशाच ठशाला पवित्र चिन्ह मानले होते, कारण त्या खुणेवरून दुष्ट शक्तींना जाण्याची दिशा कळत नाही अशी त्यांची समजूत होती. ठसे वाचणाऱ्याने ही गोष्ट विनोद म्हणून सोडून देऊ नये, तो फसवेपणा खरा आहे.

सारख्या दिसणाऱ्या रचना

बहुसंख्य पक्ष्यांचा पाय कोंबडीसारखा, तीन पुढे आणि एक मागे असा असतो. त्याला अनायसोडॅक्टिल, म्हणजे असमान बोटांचा, म्हणतात. चिमणी, साळुंकी, कावळा, घार हे सगळे यात येतात. तुलनेसाठी हीच रचना पाया म्हणून धरावी.

सगळ्यात मोठा चकवा ट्रोगॉनचा. सह्याद्रीच्या दाट जंगलांत, आंबोलीच्या आणि गोव्याच्या परिसरात मलबार ट्रोगॉन दिसतो. त्याचीही दोन बोटे पुढे आणि दोन मागे असतात आणि म्हणूनच पूर्वी त्याला पोपट-सुतारांच्या पंगतीला बसवले होते. पण त्याच्या पायात मागे वळले आहे ते बाहेरचे चौथे बोट नसून आतले दुसरे बोट आहे. पुढे तिसरे आणि चौथे, मागे पहिले आणि दुसरे. या रचनेला हेटरोडॅक्टिल, म्हणजे वेगळ्या बोटांची, म्हणतात आणि जिवंत पक्ष्यांत ती फक्त ट्रोगॉनांमध्ये आढळते. दुर्बिणीतून हा फरक कळणे जवळजवळ अशक्य आहे. पेरे मोजण्याची पायरी आधी का घेतली याचे उत्तर इथे मिळते.

खंड्याचा पाय वेगळ्या तऱ्हेने फसवतो. त्याची तीन बोटे पुढेच असतात, परंतु मधले आणि बाहेरचे बोट बऱ्याच लांबीपर्यंत एकमेकांना चिकटलेले असल्याने समोरून पाहणाऱ्याला दोनच बोटे असल्याचा भास होतो. ही सिनडॅक्टिल, म्हणजे जुळलेल्या बोटांची रचना. धनेश आणि वेडा राघू यांचेही पाय याच धाटणीचे आहेत. कोकणात पावसाळ्यात येणारा रंगीबेरंगी तिबोटी खंड्या याच कुळातला. त्याचे आतले दुसरे बोट नाहीसे झाल्यामुळे पायाला तीनच बोटे उरली आहेत. रायगडचा जिल्हा-पक्षी म्हणून मिरवणाऱ्या या पक्ष्याचे मराठी नाव पिसांच्या रंगावरून न पडता बोटांवरून पडले आहे, हे पायाकडे पाहणाऱ्यांना सुखावणारे आहे.

घुबडे आणि मासे पकडणारा ऑस्प्रे यांचे चौथे बोट इच्छेप्रमाणे पुढे किंवा मागे फिरते. पिंगळा फांदीवर बसलेला असताना बहुधा दोन-दोन बोटांचीच पकड दिसते, पण त्याचे ते बोट कायमचे मागे गेलेले नसते. अशा पायाला अर्ध-झायगोडॅक्टिल म्हणतात. तो पूर्ण झायगोडॅक्टिल म्हणून नोंदवू नये.

पाकोळ्यांमध्ये चारही बोटे पुढे येऊ शकतात. त्या रचनेला पॅम्प्रोडॅक्टिल म्हणतात. पाकोळी उभ्या भिंतीला नखांनी लटकते, विजेच्या तारेवर कधी बसत नाही. तारेवर रांगेने बसलेल्या दिसतात त्या भिंगऱ्या, आणि त्यांचा पाय साध्या अनायसोडॅक्टिल रचनेचा असतो.

चढण्याचा आणि या शब्दाचा संबंध किती

झायगोडॅक्टिल पाय झाडावर चढण्यासाठीच निर्माण झाला, हे वाक्य शालेय पुस्तकांतून आणि माहितीफलकांवरून इतके वापरले गेले आहे की त्याची तपासणी करावी असे कोणाला वाटत नाही. तपासणी मात्र सोपी आहे. कोकीळ आणि पावशा यांचे पाय झायगोडॅक्टिल आहेत, तरी ते खोडावर चढत नाहीत. भारद्वाजाचा बराच वेळ जमिनीवर जातो. उलट नटहॅच हा इवलासा पक्षी खोडावर वरून खाली डोके करूनसुद्धा लीलया चालतो आणि त्याचा पाय कोंबडीसारखाच तीन पुढे, एक मागे असा असतो.

खुद्द सुतार पक्ष्याचे काय, असा प्रश्न साहजिकच येतो. वॉल्टर बॉक आणि वॉल्ड्रन मिलर यांच्या 1959 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुतार पक्ष्याच्या चढणाऱ्या पायाची बारकाईने मांडणी केली आहे. उभ्या खोडावर चढताना सुतार पक्षी चौथे बोट सरळ मागे ठेवत नाही, ते बाजूला फाकवतो. म्हणजे चढण्याच्या ऐन वेळी त्याचा पाय पुस्तकातल्या दोन-दोनच्या आकृतीसारखा नसतोच. त्याच्या चढण्यात ताठ शेपटीच्या टेकूचाही मोठा वाटा असतो. काही सुतार पक्ष्यांच्या पायाला तर तीनच बोटे आहेत, अंगठा नाहीसा झालेला आहे, आणि त्यांचे काही अडत नाही. म्हणून सुतार पक्षी पहिल्या धड्याला घेऊ नये असे वर म्हटले. खोडावरच्या सुताराचे छायाचित्र मोठे करून पाहिले की बाहेरचे बोट आडवे दिसते आणि नवा निरीक्षक आपलेच काही चुकले असे समजून बसतो.

या पायाचा निःसंशय उपयोग पकडीसाठी होतो. दोन विरुद्ध जोड्यांमुळे बारीक फांदी किंवा फळ घट्ट धरता येते आणि पोपटांनी त्या पकडीचे अक्षरशः हातात रूपांतर केले आहे. पण उपयोग आणि उगम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या शब्दावर एक गट उभा राहिला आणि मोडला

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पक्ष्यांचे वर्गीकरण प्रामुख्याने चोच आणि पाय यांवरून केले जाई. फ्रान्समध्ये प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए यांनी 1817 मध्ये पोपट, सुतार, कोकीळ, तांबट, ट्रोगॉन इत्यादींचा ‘चढणारे’ या अर्थाचा एक गण मानला. त्याच सुमारास लुई व्हिएयो आणि डच पक्षीतज्ज्ञ कोनराड टेमिंक यांनी बोटांच्या जोड्यांवरून ‘झायगोडॅक्टिली’ हे गटनाम वापरले. क्युव्हिएंच्या नावात पायाचे काम होते आणि या नावात पायाचा आकार. पुढे दोन्ही गट मोडले, पण आकार सांगणारा शब्द विशेषण म्हणून टिकला. मला यात आश्चर्य वाटत नाही, कारण पाहिलेल्या गोष्टीचे नाव तर्काने लावलेल्या कारणापेक्षा जास्त दिवस जगते.

गट मोडण्याचे कारण असे की हे पक्षी एकमेकांचे जवळचे नातलग नाहीत. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक जनुकांच्या तुलनेवर आधारलेल्या एका मोठ्या अभ्यासात पोपट हे चिमणी-बुलबुलांच्या विशाल गणाच्या अगदी जवळ आले, तर कोकिळा आणि सुतार वेगवेगळ्या शाखांवर राहिले. म्हणजे दोन-दोन बोटांची रचना पक्ष्यांच्या इतिहासात एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे घडली आहे. चीनमधील शांडोंग प्रांतात डायनासोरांच्या काळातल्या, पूर्व क्रिटेशस कालखंडातील खडकांत झायगोडॅक्टिल पावलांचे ठसे सापडले आहेत. त्या काळी आजचे पोपट किंवा सुतार अस्तित्वात नव्हते.

चौथे बोट मागे वळते कसे, याचे उत्तर अंड्यात आहे. चिलीतील संशोधकांनी 2014 मध्ये बजरीगारच्या भ्रूणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना दिसले ते असे की चौथ्या बोटाच्या दोन बाजूंना ओढणाऱ्या लहान स्नायूंपैकी एका बाजूचा स्नायू वाढीच्या ओघात जवळजवळ नाहीसा होतो, ओढ एकतर्फी होते आणि बोट हळूहळू फिरत मागे जाते. भ्रूणाच्या स्नायूंची हालचाल औषधाने थांबवली तेव्हा बोट वळलेच नाही आणि बजरीगारचा पाय साध्या पक्ष्याच्या पायासारखा राहिला. वळण केवळ हाडाच्या साच्यात नसून स्नायूच्या खेचण्यातून घडते, हे कळल्यावर अशी रचना पुन्हा पुन्हा का उद्भवली असावी याचाही थोडा उलगडा होतो.

पक्ष्यांबाहेर हा शब्द भेटला तर

शॅमेलिऑन सरड्याच्या पायालाही झायगोडॅक्टिल म्हणतात. पण तिथे बोटे पाच असतात आणि ती दोन-तीन अशा दोन मोळ्यांत बांधलेली असतात : पुढच्या पायात आत तीन व बाहेर दोन, मागच्या पायात आत दोन व बाहेर तीन. ऑस्ट्रेलियातील कोआलाच्या पुढच्या पंजातही पहिली दोन बोटे उरलेल्या तिघांच्या समोर येतात, म्हणून काही लेखक त्यालाही हे विशेषण लावतात. वैद्यकात मात्र ‘झायगोडॅक्टिली’ म्हणजे माणसाच्या पायाची दुसरी व तिसरी बोटे त्वचेने जोडलेली असणे. पक्ष्यांची व्याख्या तिथे लावू नये.

वहीत नोंद कशी करावी

नोंदीत आधी दिसलेले लिहावे आणि पारिभाषिक शब्द नंतर. ‘कोकीळ, मादी, शेवग्याच्या आडव्या फांदीवर, समोरून दोन बोटे दिसली, मागून घेतलेल्या छायाचित्रात मागे दोन, बाहेरचे मागचे बोट लांब, झायगोडॅक्टिल’ अशी नोंद पाच वर्षांनी वाचली तरी उपयोगी पडते. नुसते ‘झायगोडॅक्टिल’ लिहिले तर तो शब्द पाहून लिहिला की पुस्तकात वाचून, हे पुढे स्वतःलाही सांगता येत नाही. पक्ष्याची बैठक नेहमी लिहावी : फांदी, तार, खोड की जमीन. खोडावर लटकलेल्या आणि पायात खाणे धरलेल्या पक्ष्याच्या बोटांची जागा बदललेली असू शकते. घुबडाबाबत ‘या बैठकीत दोन-दोन’ असे लिहावे. ठशाची नोंद करताना शेजारी एखादे नाणे किंवा पट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे, लागोपाठचे ठसे एकाच चित्रात आणावेत आणि जमीन ओली होती की कोरडी तेही लिहावे, कारण कोरड्या धुळीत नखांच्या रेघा बोटांच्या लांबीत मिसळून जातात.

आणि मागची बोटे दिसलीच नसतील, तर ‘समोरून दोन, मागची दिसली नाहीत’ एवढेच लिहून जागा मोकळी सोडावी. तोच पक्षी पुन्हा दिसेल तेव्हा ती भरता येते.